सापेक्षतेने ग्रह सापडतो म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताने एक ग्रह शोधला अशी बातमी तुम्ही वाचलीत. त्यात नेमकं काय केलं, नेहमीच्या पद्धतींपेक्षा हे वेगळं कसं, आणि नाशिकमध्ये बसून आठ इंची दुर्बीण व कामापुरतं पायथॉन एवढ्या भांडवलावर तुम्हाला यातलं काही करता येईल का? माझं काम ताऱ्यांच्या प्रकाशवक्रांचं, म्हणजे एखाद्या ताऱ्याची तेजस्विता वेळेनुसार कशी बदलते त्या आलेखांचं आहे. उत्तर त्या बाजूने देतो. वर्णपट घेणाऱ्याने हेच जरा निराळं सांगितलं असतं.

गोंधळ सुरू होतो तो बातम्यांमुळे. दोन अगदी वेगळ्या पद्धती एकाच मथळ्याखाली छापल्या जातात. पहिलीत तारा आपल्याकडे येताना किंचित उजळ आणि लांब जाताना किंचित मंद दिसतो; तिला बीमिंग म्हणतात आणि तिचा संबंध विशेष सापेक्षतेशी आहे. दुसरीत मधल्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकतो. ते मायक्रोलेन्सिंग, आणि ते व्यापक सापेक्षतेचं क्षेत्र. पहिलीने ताऱ्याला खेटून फिरणारे अवजड ग्रह सापडतात. दुसरीने ताऱ्यापासून लांबचे, थंड ग्रह सापडतात, आणि क्वचित ज्यांना ताराच नाही असेही. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा केप्लर-७६बी या ग्रहाची असावी, म्हणून आधी ती घेतो.

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तारासुद्धा जागेवर बसून नसतो, दोघेही सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. गुरूच्या दुप्पट वजनाचा ग्रह दीड-दोन दिवसांत एक फेरी मारत असेल, तर तारा सेकंदाला साधारण तीनशे मीटरने आपल्या दिशेने येतो आणि पुन्हा मागे जातो. डॉप्लर पद्धतीत हा वेग वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या त्यावरून मोजतात. बीमिंगमध्ये वर्णपट घ्यायचाच नाही, नुसती तेजस्विता मोजायची. तारा आपल्याकडे येत असताना तीन गोष्टी एकदम घडतात: प्रकाशकण जास्त घाईने पोहोचतात, प्रत्येकाची ऊर्जा थोडी वाढते, आणि प्रकाश प्रवासाच्या दिशेला थोडा एकवटतो. पावसात स्कूटरवर असलात की थेंब जास्तही लागतात आणि समोरून आल्यासारखेही वाटतात. पहिला आणि तिसरा परिणाम त्याच जातीचा. हिशोबात येण्याच्या घाईचा एक घात, ऊर्जेचा एक आणि दिशेचे दोन मिळून चार होतात. म्हणून ताऱ्याचा वेग भागिले प्रकाशाचा वेग, गुणिले चार, एवढी तेजस्विता वाढते. प्रत्यक्षात दुर्बिणीचा रंगपट्टा आणि ताऱ्याचं तापमान यांनुसार हा चारचा आकडा थोडा हलतो, पण सूर्यासारख्या ताऱ्यांना तो ठीक आहे.

आता आकडे घाला. ताऱ्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर, प्रकाशाचा सेकंदाला ३ लाख किलोमीटर. भागाकार दहा लाखांत एक, चारने गुणल्यावर दहा लाखांत चार. दहा लाख प्रकाशकण मोजले की चार जास्त, एवढाच तो सगळा ग्रहाचा पुरावा. आपल्या गुरूमुळे सूर्यात जो फरक पडतो तो दहा लाखांत ०.२च्याही खाली येतो आणि त्याला बारा वर्षं लागतात. पृथ्वीमुळे पडणारा फरक अब्जात एकाच्या आसपास. म्हणजे दुसरी पृथ्वी शोधायला ही पद्धत निरुपयोगी आहे, हे आधीच मनाशी धरून ठेवा.

बीमिंगने ग्रह शोधता येतील ही कल्पना अवी लोब आणि स्कॉट गॉडी यांनी २००३ मध्ये मांडली. तेव्हा त्यासाठी लागणारी मोजणी कुणाकडेच नव्हती. २००९ मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात गेली आणि चार वर्षं दीड लाखावर ताऱ्यांकडे टक लावून बसली. तिच्या अर्ध्या तासाच्या एका मोजणीत तेराव्या प्रतीच्या (प्रत हे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ताऱ्यासाठी शे-दोनशे पीपीएमची (दहा लाखांत शे-दोनशे भागांची) अनिश्चितता असते. त्यात चार पीपीएम सापडणार कसे, हा पुढचा रास्त प्रश्न. उत्तर आहे चिकाटी. ग्रहाची फेरी १.५४ दिवसांची असेल तर चार वर्षांत नऊशेहून जास्त फेऱ्या होतात. त्या सगळ्या एकावर एक घडी घालून ठेवल्या की गोंगाट एकमेकांना खातो आणि लाट वर येते.

पण नुसती लाट वर आली म्हणून ग्रह सापडला असं होत नाही, आणि या कामातली खरी मेख इथे आहे. ताऱ्यावर डाग असतील आणि तारा दीड दिवसात स्वतःभोवती फिरत असेल तरी लाट दिसते. स्पंदन पावणारा ताराही लाट दाखवतो. मग ग्रहाची लाट ओळखायची कशी? तेल अवीव विद्यापीठातल्या सिमचॉन फायग्लर आणि त्स्वी माझे यांनी यासाठी एक रीत बसवली. ग्रह जवळ असला की एक नव्हे, तीन लाटा उठतात. पहिली बीमिंगची. दुसरी ताऱ्याच्या आकाराची: ग्रहाच्या ओढीने ताऱ्याला भरती येते, तो किंचित लांबट होतो आणि फिरताना कधी आपल्याकडे रुंद बाजू करतो, कधी अरुंद. तिसरी ग्रहाच्या स्वतःच्या उजेडाची, म्हणजे परावर्तित प्रकाश अधिक तापलेल्या बाजूची धग.

या तिघींचं वेळापत्रक भौतिकशास्त्राने बांधून दिलेलं आहे. ग्रह बरोबर ताऱ्यासमोर असतो तो क्षण शून्य धरा. तिथून ग्रह आपल्यापासून लांब जाऊ लागतो, म्हणून तारा आपल्याकडे येऊ लागतो, आणि पाव फेरीला बीमिंगची लाट शिखरावर असते. ताऱ्याच्या आकाराची लाट एका फेरीत दोनदा शिखर गाठते, पाव फेरीला आणि पाऊण फेरीला, कारण तेव्हा लांबट तारा आपल्याला आडवा दिसतो. ग्रहाच्या उजेडाची लाट अर्ध्या फेरीला शिखरावर, ग्रह ताऱ्याच्या मागे जाण्याच्या सुमारास. डागांना हे वेळापत्रक पाळायचं काही कारण नाही. ते वाढतात, विरतात, सरकतात, आणि काही महिन्यांत लाटेची वेळ बिघडते. म्हणून प्रकाशवक्र हातात आला की मी आधी लाटेची उंची बघत नाही. आलेखाचे तुकडे पाडतो आणि पहिल्या वर्षातली शिखरं शेवटच्या वर्षातही त्याच जागी आहेत का ते बघतो. जागा हलली की उमेदवार बाद.

एवढं करूनही खात्री होत नाही, कारण ग्रहाच्या जागी श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा दाट गाभा) किंवा तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेला गोळा) असला तरी वेळापत्रक तेच राहतं, फक्त लाटा मोठ्या होतात. केप्लरच्या आलेखांत बीमिंग आधी दिसलं ते श्वेत बटू जोडीदार असलेल्या ताऱ्यांमध्येच. त्यामुळे शेवटचा शिक्का वर्णपटाचा. केप्लर-७६बीच्या बाबतीत ॲरिझोनातल्या ट्रेस आणि फ्रान्समधल्या सोफी या वर्णपटमापकांनी ताऱ्याचा वेग मोजला, आणि २०१३ मध्ये गुरूच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाचा ग्रह जाहीर झाला. गंमत म्हणजे तो ताऱ्यासमोरून जातोही. त्याचं अधिक्रमण, म्हणजे ट्रान्झिट, केप्लरच्या आलेखात होतंच. तो तारा तोवर ग्रहणकारी जोडताऱ्यांच्या यादीत पडून होता.

याच ग्रहाने पुढे एक कोडं घातलं. वेगावरून हिशोब केला तर बीमिंगची लाट चारेक पीपीएमची हवी. मोजली तर निघाली १३.५. तिप्पट! बीमिंगवर विश्वास ठेवला असता तर ग्रह तिप्पट जड ठरला असता. ताऱ्याच्या लांबटपणाची लाट मात्र २१ पीपीएमच्या आसपास होती आणि ती दोन गुरूंच्या वस्तुमानाशी नीट जुळत होती. मग चूक कुठे? चूक तिसऱ्या लाटेच्या वेळेत होती. ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते, पण तिथले वारे उष्णता पूर्वेकडे ढकलतात, त्यामुळे सर्वांत तापलेली जागा बरोबर मध्यावर नसून सुमारे १० अंश बाजूला आहे. म्हणून ग्रहाच्या उजेडाचं शिखर अर्ध्या फेरीच्या थोडं आधीच येतं. सुमारे ५० पीपीएमची ती लाट १० अंश सरकली की तिचा नऊएक पीपीएम भाग बरोबर बीमिंगच्या जागी येऊन बसतो. साडेतेरातून नऊ गेले, उरले साडेचार. हिशोब मिटला, आणि वर दूरच्या एका ग्रहावरचे वारे दृश्य प्रकाशात पकडले गेले. माझ्या मते ग्रह सापडण्यापेक्षा ही वजाबाकी जास्त मोलाची आहे.

बीमिंगच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ग्रह ताऱ्यापासून लांब जातो तशा तिन्ही लाटा खाली बसतात, पण सारख्या वेगाने नाही. वस्तुमान तेच ठेवून फेरीचा काळ आठपट केला तर ताऱ्याच्या लांबटपणाची लाट चौसष्टाव्या भागावर येते, उजेडाची सोळाव्या भागावर, आणि बीमिंगची फक्त निम्मी होते. म्हणजे पुरेशी बारीक मोजणी हाती आली तर लांबच्या कक्षांमध्ये शेवटी टिकून राहते ती हीच.

त्या वेळच्या बातमीत या ग्रहाला आइन्स्टाइनचा ग्रह असं नाव दिलं होतं. मला ते जरा जास्तच वाटतं. इतक्या कमी वेगाला डॉप्लर परिणाम आणि प्रकाशाचं अपेरण (गतीमुळे प्रकाशाची दिशा बदललेली दिसणं) या गोष्टी सापेक्षतेच्या आधीपासून माहीत होत्या. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीने अपेरण अठराव्या शतकात मोजलं. सापेक्षतेची खास स्वतःची दुरुस्ती वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढी, म्हणजे इथे दहा लाखाव्या भागाचा दहा लाखावा भाग, आणि ती कुणीही मोजलेली नाही. सापेक्षतेने हे सगळे परिणाम एका सूत्रात नेमके बसवले, हे श्रेय तिचं. पण खऱ्या अर्थाने आइन्स्टाइनशिवाय जमलीच नसती अशी पद्धत दुसरी आहे.

मायक्रोलेन्सिंगमध्ये आपण ग्रहाचा प्रकाश बघत नाही, त्याच्या ताऱ्याचाही नाही. मागे फार लांब एक तिसराच तारा असतो. मधला तारा त्याच्या जवळजवळ रेषेत आला की प्रकाश वाकून मागचा तारा काही दिवस किंवा आठवडे उजळतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. मधल्या ताऱ्याला ग्रह असेल तर त्या गुळगुळीत उंचवट्यावर एक छोटा खडा उमटतो. हे सूत्र आइन्स्टाइनने १९३६ मध्ये छापलं, तेही रुडी मॅन्डल नावाच्या एका हौशी अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून. आणि हे प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. एका ताऱ्यापुरतं ते बरोबरच होतं. आकाशगंगेच्या मध्याकडे पाहिलं तर एका वेळी दहा लाखांत एखादाच तारा असा भिंगाखाली असतो. तोडगा एकच: कोट्यवधी तारे रोज मोजायचे. पोलंडच्या ओगल प्रकल्पाची चिलीतली १.३ मीटरची दुर्बीण नेमकं तेच करते.

२००५ची एक घटना घ्या, ओगल-२००५-बीएलजी-३९०. जुलैत तारा उजळायला लागला, ३१ जुलैला तिप्पट होऊन शिखर गाठलं आणि तो उतरू लागला. सगळं साधं दिसत होतं. १० ऑगस्टच्या सुमारास उतारावर अर्ध्या दिवसाचा एक लहानसा उंचवटा आला. चिलीतल्या डॅनिश दुर्बिणीने तो धरला, तिथे उजाडल्यावर ऑस्ट्रेलियातल्या पर्थने धागा पुढे नेला. त्या अर्ध्या दिवसातून पृथ्वीच्या साडेपाचपट वस्तुमानाचा ग्रह निघाला, एका लाल बटूपासून (लहान, मंद ताऱ्यापासून) २.६ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर), आपल्यापासून वीस हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडे. पण त्या साडेपाचमागची अनिश्चितताही सांगायला हवी: खरं वस्तुमान त्याच्या निम्मं किंवा दुप्पट असू शकतं. प्रकाशवक्रातून थेट निघतं ते ग्रह आणि तारा यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर. ताऱ्याचं स्वतःचं वजन दुसरीकडून आणावं लागतं. आणि पुन्हा तपासू म्हटलं तर ते तारे त्या रेषेत परत येत नाहीत. पुनरावृत्ती हा या धंद्यातला मोठा आधार, तोच इथे नाही.

खड्याचा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाने बदलतो: गुरूएवढ्या ग्रहाला साधारण दिवस, पृथ्वीएवढ्याला काही तास. ओगल-२०१६-बीएलजी-१९२८ ही घटना जेमतेम ४१ मिनिटांच्या प्रमाणाची होती आणि ग्रहाच्या आसपास कोणताही तारा दिसला नाही. मंगळ ते पृथ्वी एवढ्या वजनाचा, बहुधा एकटाच भटकणारा ग्रह. असा ग्रह दुसऱ्या कोणत्या पद्धतीने सापडेल, मला तरी सुचत नाही.

सापेक्षतेचं तिसरं काम कुणी बातमीत छापत नाही, पण माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ते रोज करावं लागतं: ती वजा करणं. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे. वर्षभरात सूर्यापासूनचं अंतर आणि आपला वेग बदलतो, म्हणून पृथ्वीवरची घड्याळं कधी जरा हळू, कधी जरा जलद चालतात. ताऱ्याच्या वेगाच्या भाषेत हा फरक सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटरचा, आणि तो बरोबर एका वर्षाने परत येतो. पृथ्वीमुळे सूर्य किती हलतो? सेकंदाला ९ सेंटिमीटर, तोही एका वर्षाच्या फेरीने. म्हणजे ही दुरुस्ती विसरलात तर आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याभोवती तुम्हाला एकेक पृथ्वी सापडेल.

आता तुमचं. आठ इंची दुर्बीण डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीची) असेल तर मोजणी सोडून द्या. ताऱ्याचा मागोवा घेणारी बैठक आणि शीतन असलेला कॅमेरा लागतो. ते असेल तरी वातावरणाच्या लुकलुकीमुळे जमिनीवरून हजार-दोन हजार पीपीएमच्या खाली जाणं कठीण, म्हणून बीमिंग तुमच्या दुर्बिणीतून होणार नाही. अधिक्रमण होईल. एचडी १८९७३३ हा तारा ७.७ प्रतीचा आहे, त्याचा ग्रह सव्वादोन दिवसांनी येतो आणि सुमारे २.४ टक्के प्रकाश झाकतो. पावसाळा सरला की संध्याकाळी तो वर असतो. हात बसवायला याहून बरं काही नाही.

मायक्रोलेन्सिंगला हौशी लोकांनी खरोखर हातभार लावलेला आहे. ओगल-२००५-बीएलजी-०७१ च्या ग्रहशोधात न्यूझीलंडच्या जेनी मॅककॉर्मिक यांची घरच्या वेधशाळेतली दहा इंची दुर्बीण होती. भारताचं रेखांश या कामाला छान आहे, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधली जागा आपण भरतो. अडचण एकच: आकाशगंगेचा मध्य धनू राशीकडे आहे आणि तो रात्रभर दिसतो जून-जुलैत, म्हणजे आपल्याकडे ढगांच्या मागे. तुमच्या वाट्याला मार्चच्या पहाटा आणि एप्रिल-मेच्या उत्तररात्री येतात. नाशिकहून तो भाग जेमतेम चाळीस अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला शहराचा उजेड नसलेली जागा निवडा, आणि फक्त फार उजळलेल्या घटनांच्या मागे लागा.

बीमिंग बघायचंच असेल तर दुर्बीण बाजूला ठेवा आणि पायथॉन उघडा. केप्लर आणि टेस या दोन्ही अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं मास्ट या संग्रहातून फुकट मिळतात आणि लाइटकर्व्ह हे पॅकेज ती उतरवून देतं. केप्लर-७६ने सुरुवात करू नका, दमाल. वॉस्प-१८ घ्या, टेसची निरीक्षणं. ९.३ प्रतीचा तारा, दहा गुरूंच्या वजनाचा ग्रह, फेरी २२.६ तासांची. ताऱ्याचा वेग सेकंदाला १८०० मीटरच्या आसपास, त्यामुळे बीमिंग सुमारे २२ पीपीएम आणि आकाराची लाट सुमारे १९० पीपीएम. आधी अधिक्रमणं आणि ग्रह ताऱ्यामागे जातो तेव्हाचे बिंदू काढून टाका, मग उरलेल्या बिंदूंवर एका फेरीची साइन व कोसाइन आणि अर्ध्या फेरीची साइन व कोसाइन बसवा. अर्ध्या फेरीच्या साइनला भौतिक कारण जवळपास नाही. ती शून्याच्या आसपास आली पाहिजे. आली नाही तर तुमच्या मोजणीत काहीतरी उरलंय.

एक खबरदारी. आलेखातला हळू चढउतार घालवायला त्या पॅकेजमध्ये फ्लॅटन नावाचं फंक्शन आहे आणि सगळे शिकाऊ ते सर्वांत आधी चालवतात. त्याची आपोआप ठरलेली खिडकी १०१ बिंदूंची असते. दोन मिनिटांच्या निरीक्षणांना ती साडेतीन तासांच्याही आत येते, आणि २२ तासांची लाट ती अख्खी गिळून टाकते. अधिक्रमण शाबूत दिसतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही. त्याऐवजी टेसच्या प्रत्येक कक्षेच्या तुकड्याला एक साधी बहुपदी बसवा आणि ती लाटांबरोबर एकाच वेळी सोडवा. एका फेरीच्या साइनचा, म्हणजे बीमिंगचा, आकडा तरीही २२ च्या जवळ येत नसेल तर आलेख, काढून टाकलेले बिंदू आणि बहुपदीचा घात हे तिन्ही सोबत लिहा, म्हणजे बघता येईल.